डॉक्टरसाहेबांचे जाळे

बंगळुरूपासून समुद्र सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर. त्यामुळे रसेल मार्केटमध्ये मासळी घेताना 'ताजी आहे ना?' हा प्रश्न ठरलेलाच. पण फळीवरच्या पाकट माशाबद्दल आणखी एक प्रश्न विचारावा असा आहे. याची पिल्ले कशी वाढतात? त्याचे उत्तर शोधण्यात समुद्राचे नकाशे करणाऱ्या सरकारी जहाजावरच्या एका डॉक्टरचा मोठा वाटा होता.

त्या जहाजाचे नाव 'इन्व्हेस्टिगेटर'. ही लाकडी आगबोट १८८१ मध्ये मुंबईच्या गोदीत बांधली गेली. समुद्राची खोली मोजणे हे तिचे काम. १८८८ ते १८९२ या काळात डॉ. आल्फ्रेड ऑल्कॉक तिच्यावर 'सर्जन-नॅचरलिस्ट' होते. आधी खलाशांचे औषधपाणी, मग प्राण्यांचा अभ्यास. मोजणीच्या कामातून सवड मिळाली तरच जाळे टाकायचे. खोल पाण्यातले जाळे वर ओढायला तासन्‌तास लागत. चिखलातून निघालेल्या जिवांचे रंग उडण्याआधी टिपण करायचे आणि मग ते स्पिरिटच्या बरणीत ठेवायचे. पावसाळ्यात मोजणी बंद असे. तेव्हा साहेबांचा मुक्काम कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये, बरण्यांच्या संगतीत!

याच कामातून ऑल्कॉक आणि म्युझियमचे जेम्स वुड-मेसन यांनी १८९१ मध्ये एक नवल जगापुढे मांडले. पाकटाची एक जात फुलपाखरासारखी रुंद असते. तिच्या मादीच्या गर्भाशयात बारीक बोटांसारखे तंतू असतात आणि त्यांतून दुधासारखा रस पाझरतो. पिल्लाच्या डोक्यावरील श्वसनछिद्रांतून हे तंतू आत शिरतात आणि रस थेट त्याच्या घशात पोचतो. मासा, आणि पोटातल्या पोटात पिल्लाला दूध पाजतो!

हे केवळ नवल नाही. बांगडा हजारो अंडी घालतो, पाकटाला मात्र एका वेळी मोजकीच पिल्ले होतात. त्यामुळे गाभण मादी जाळ्यात आली की पुढची पिढीही तिच्याबरोबर जाते.

नर-मादी ओळखणे सोपे आहे. नराच्या शेपटीच्या बुडाशी बोटांसारखे दोन अवयव असतात, मादीला ते नसतात. पुढच्या वेळी भाव विचारताना तेवढे पाहून घ्या. पोट फुगलेली मादी असेल तर 'नको' म्हणा. ती मादी काही परत समुद्रात जाणार नाही. पण दहा गिऱ्हाइकांनी नको म्हटले, तर निरोप बाजारातून बंदरापर्यंत जायला वेळ लागत नाही.