कारुवाकीचे दान कोणाच्या नावावर?

'चक्रवर्तिन अशोक सम्राट' ही मालिका कलर्स वाहिनीवर २०१५-१६ मध्ये चालली. प्रियदर्शी सम्राटाचे नाव पडद्यावर आले म्हणून आमच्या वस्त्यांमध्ये माणसे हातातले काम टाकून टीव्हीसमोर बसत. ज्याचे सिंह राजमुद्रेवर आणि चक्र तिरंग्यावर, त्याचा अभिमान वाटणारच! पण दाखवले काय? राजवाड्यातली कारस्थाने, गादीसाठी भाऊबंदकी आणि कलिंगच्या राजकन्येशी प्रेमप्रकरण. शिवाय अशोकाला घडवणारा गुरू म्हणून चाणक्य! अशोकाच्या एकाही शिलालेखात चाणक्याचे नाव नाही. खलनायिका केलेल्या हेलेनाचे नावही कोणा प्राचीन लेखकाने नोंदवलेले नाही. सम्राट आमचा आणि त्याला घडवणारा मात्र त्यांचा, ही मनुवादी चलाखी आम्हाला नवी नाही.

आमचा खरा आक्षेप कारुवाकीबद्दल आहे. २००१ च्या 'अशोका' सिनेमानेही तिला कलिंगची राजकन्या करून नाचवले. तिच्याविषयी दगडावर काय कोरले आहे? प्रयागच्या किल्ल्यातील स्तंभावर सम्राटाने महामात्रांना दिलेली आज्ञा आहे. दुसऱ्या राणीने, म्हणजे तीवराची आई कारुवाकी हिने, जे दान दिले असेल, मग ती आमराई असो, बाग असो की दानशाळा, ते त्या राणीच्याच नावे मोजावे. अशोकाच्या लेखांत नावाने आलेली राणी ही एकटीच, आणि तीही दानाच्या नोंदीमुळे. तिच्या रूपाचा वा प्रेमाचा तिथे शब्द नाही.

आम्ही वकिली करतो, म्हणून या आज्ञेचे मोल आम्हाला कळते. सातबाऱ्यावर बाईचे नाव चढवताना आजही काय काय घडते! बाप गेला की भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतो आणि साडीचोळीवर बहिणीची सही होते. हे आपल्या बौद्ध घरांतही घडते, उगाच लपवू नये. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. तो जन्मानेच आहे, ९ सप्टेंबर २००५ रोजी बाप हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे.

आणखी एक. १९१५ मध्ये मस्की येथे लेख सापडला, त्यात 'देवानांपिय'सोबत 'अशोक' हे नाव स्पष्ट आले. मस्की तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि आपले औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर, हेही त्याच राज्यात. अशोक आपल्याला मालिकावाल्यांकडून उसना घ्यायचा नाही.

पुन्हा कोणी अशोकावर मालिका काढणार असेल, तर आमची मागणी एवढीच: एका भागात तरी महामात्र येऊन बसू द्या, आणि त्या आमराईपुढे कारुवाकीचे नाव लिहू द्या.