गेम डेव्हलपमेंट की सॉफ्टवेअर? फी भरण्यापूर्वी विचार करा

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये इंजिनिअरिंगची चर्चा सुरू होते. अलीकडे या चर्चेत गेम डेव्हलपमेंट हा नवा शब्द आला आहे. मोबाईलवर गेम खेळत वाढलेल्या मुलाला तो बनवावासा वाटला तर त्यात गैर काही नाही. पण पालक "गेम म्हणजे जुगार" म्हणून विषय संपवतात आणि मुलगा न विचारता कुठल्या तरी क्लासची चौकशी करून येतो. दोघांनीही आधी कायदा पाहावा.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली; असा गेम चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि निव्वळ करमणुकीच्या गेमला प्रोत्साहन द्यायचे ठरवले. म्हणजे जुगार वेगळा आणि गेम वेगळा, हे आता कायद्यानेच सांगितले आहे. पण ड्रीम इलेव्हनसारख्या कंपनीला पैशांच्या स्पर्धा काही दिवसांत बंद कराव्या लागल्या आणि काही कंपन्यांत नोकरकपात झाली. ज्याला फक्त तेवढेच काम येत होते त्याचे काय झाले असेल, याचा विचार करा. डेटाबेस आणि सर्व्हरचे काम येणारा माणूस बँकेच्या किंवा दवाखान्याच्या सॉफ्टवेअरकडे वळू शकतो.

साधे सॉफ्टवेअरही सुरक्षित राहिलेले नाही, हेही खरे. टीसीएसने २०२५ मध्ये सुमारे बारा हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. जगभरातल्या गेम कंपन्यांतही तेच. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२४ मध्ये गेम विभागातून एकोणीसशे जणांना काढले. फरक दारांच्या संख्येचा आहे. गेमच्या नोकऱ्या आपल्या राज्यात मुख्यतः पुण्या-मुंबईत, तिथेही मोजक्या. खाजगी क्षेत्रात आरक्षण दोन्हीकडे नाही. पण कॉम्प्युटरची मान्यताप्राप्त पदवी हाती असली तर सरकारी बँकांतील आयटी अधिकाऱ्यासारखी पदे खुली राहतात आणि तिथे आरक्षण लागू आहे.

खरा प्रश्न पैशाचा आहे. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले, कारण फी आणि राहण्या-जेवणाची सोय नसेल तर शिक्षणाची निवड कागदावरच राहते. आजही तेच आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याने कॅप फेरीतून इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला तर अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला शिष्यवृत्ती आणि त्यावरच्या कुटुंबाला फ्रीशिप मिळू शकते. खाजगी क्लासच्या गेम डिझाईन प्रमाणपत्राला यातले काही नाही. तिथे लाखांची फी घरच्यांनी भरायची, बहुधा कर्ज काढून. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तरी ही सवलत जाते, हे अनेकांना प्रवेश झाल्यावर कळते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: पदवी कॉम्प्युटरची घ्यावी आणि गेम त्या चार वर्षांतच शिकावा. युनिटी आणि अनरिअल ही गेम बनवण्याची साधने शिकण्यापुरती फुकट मिळतात. सी प्लस प्लस आणि गणित दोन्हीकडे चालते. दहा अर्धवट गेमपेक्षा एक लहान पण पूर्ण झालेला गेम मुलाखतीत जास्त बोलतो. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स या छोट्या कंपनीने २०२० मध्ये पुराणकथांवर आधारलेला 'राजी' हा गेम काढला आणि तो परदेशातही खेळला गेला. पुराणकथांवर निघतो, तर महाडच्या चवदार तळ्यावर का निघू नये? पण तो काढायला आपली मुले त्या कामात टिकली पाहिजेत.

जून-जुलैमध्ये क्लासवाले शंभर टक्के नोकरीची हमी देतात. पालकांनी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: प्रमाणपत्र कोणत्या विद्यापीठाचे, अभ्यासक्रम महाडीबीटीच्या यादीत आहे का, आणि मध्येच सोडल्यास किती फी परत मिळणार. लेखी देत नसतील तर पैसे भरू नयेत.