घरचा सल्ला : एका शून्याची किंमत

पारोळ्याच्या एका भगिनी विचारतात, मैत्रिणीच्या मुलीसाठी सुटे भाग आणून कॉम्प्युटर जुळवायचा आहे. भिशीचे पैसे आहेत, खर्च बेताचाच. मदरबोर्ड कोणता घ्यावा?

आधी प्रोसेसर ठरवा, मग बोर्ड. ब्लाउजपीस साडी पाहूनच घेतो ना, तसे. अभ्यास, टायपिंग, हिशेब एवढ्यासाठी इंटेलचा बाराव्या पिढीचा आय-३ आणि एच ६१० बोर्ड पुरे. पण बाई, ते शून्य नीट पाहा! एच ६१ हा २०११ सालचा. आजही कोऱ्या खोक्यात स्वस्तात मिळतो आणि त्यावर हा प्रोसेसर बसतच नाही. एच ६१० आला २०२२ साली. ‘नवीनच आहे हो ताई’ एवढ्यावर भुलू नका. मेमरीचेही विचारा. काही एच ६१० बोर्ड डीडीआर ४ घेतात, काही डीडीआर ५. एकीच्या जागी दुसरी जात नाही.

धुळ्याला घ्या की जळगावला, पक्के बिल हवेच. खोक्यावरचा नंबर बोर्डावरच्या नंबराशी ताडा. प्रोसेसर दुकानातच बसवून घ्या. पिना बोर्डावर असतात, फार नाजूक. वाकल्या तर वॉरंटीत सहसा धरत नाहीत.

चार पैसे वाचले तर यूपीएससाठी ठेवा, आणि कॉम्प्युटर घरी येण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. आपल्या खानदेशी मे महिन्यात तो भिंतीला चिकटवून ठेवू नये, मागून वारा खेळू द्यावा.