ज्वालामुखीची आवई आणि भूकंपाची नोंद

मंडळी, पालघर जिल्ह्यात जमीन हलली की मोबाईलवर एक मजकूर फिरू लागतो: 'सह्याद्रीच्या पोटातला ज्वालामुखी जागा होतोय!' आपल्या नात्यागोत्यातली शिकलीसवरलेली माणसंही तो पुढे धाडतात. म्हणून आज जरा कडक लिहितो आहे.

आम्हा भिसेगावकरांच्या शेजारचा माथेरानचा डोंगर लाव्ह्याचाच, आणि कोंढाण्याची लेणी ज्यात कोरली तो काळा कातळही तोच. पण तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. भारतात आज जागता ज्वालामुखी एकच, अंदमानातल्या बॅरन बेटावर.

ज्वालामुखी खरोखर जागा होतो तेव्हा शिलारस वर सरकताना खडक फोडतो आणि बारीक भूकंपांची रांग लागते. भूकंपमापक ती टिपतो. फिलिपिन्समधला पिनातुबो १९९१ च्या एप्रिलमध्ये धुमसू लागला. तिथल्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी यंत्रं बसवली, धोक्याच्या पायऱ्या ठरवल्या आणि १५ जूनच्या महास्फोटाआधी हजारो माणसं हलवली गेली. याला म्हणतात नोंद!

आपल्याकडचे धक्के वेगळे. ते कवचातल्या भेगांवरचे. कोयनेला धरणात पाणी साठू लागल्यावर धक्के सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला. डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका लागली, तेव्हा शास्त्रज्ञांनी तिथे यंत्रं नेऊन बसवली. असा भूकंप अमुक दिवशी होईल, हे मात्र कुठलंही यंत्र सांगू शकत नाही.

यावर काही जण विचारतात, 'मग नोंदी ठेवून उपयोग काय? भूकंप थोडाच थांबतो?' त्यांनी किल्लारी आठवावं. तो भाग स्थिर मानला जात होता. १९९२ साली तिथे धक्के जाणवले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. बहुतेक माणसं दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदांखाली गाडली गेली. भूकंप कुणालाच थांबवता आला नसता, पण घरं कमी जीवघेणी करता आली असती. नोंदीचा उपयोग तो आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. धक्का बसलेल्या प्रत्येक गावात त्याची वेळ, तीव्रता आणि काय काळजी घ्यावी हे ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या फळ्यावर सोप्या मराठीत त्याच दिवशी लागलं पाहिजे. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र आकडे लगेच जाहीर करतं, पण ते पाड्यापर्यंत पोचवायचे कुणी? फळा कोरा राहिला की आवई तिथे जाऊन बसते.

आणि तुम्ही, नातलगहो! पुढचा मजकूर धाडण्याआधी त्या केंद्राची नोंद बघा, घराच्या भिंतीची भेग बघा. ज्यांना हे पटत नाही त्यांनी खाली जरूर भांडावं, पण हातात नोंद घेऊन.