तीस तासांची जर्मन

सांगलीच्या एका महाविद्यालयाच्या फलकावर आम्हीं एकदां एक जाहिरात वाचली. 'जर्मन शिका, जर्मनींत जा' असा तिचा मथळा होता, आणि खालीं बारीक अक्षरांत 'प्रारंभिक अभ्यासक्रम, दोन श्रेयांक, तीस तास' असें लिहिलें होतें. मथळ्यांतील दोन क्रियापदांच्या मधोमध जो स्वल्पविराम होता, त्यांत किती वर्षें आणि किती पैसा दडला आहे याचा विचार जाहिरात लिहिणाऱ्यानें केला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. आमचें वय विद्यार्थ्याचें राहिलेलें नाहीं. परंतु साताऱ्याहून आठवड्यांतून एकदां सांगलीस जाणें आम्हांस कामानिमित्त पडतेंच, म्हणून आम्हीं नांव घातलें आणि सारे तीस तास वर्गांत बसलों. सातारा आणि सांगली यांत कोणी भेद मानीत असेल तर त्यानें हेंही ध्यानांत घ्यावें कीं १९४९ पर्यंत हा सारा सरकारी मुलूख बव्हंशीं एकाच जिल्ह्याचा होता, आणि पुढें १९६० पर्यंत सांगली जिल्ह्याचें नांवच दक्षिण सातारा असें होतें. तेव्हां येथें जें लिहावयाचें तें घरचेंच आहे.

प्रथम हिशेब. युरोपांत भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या मानल्या आहेत. ए-१ ही सर्वांत खालची. पुण्यामुंबईस जिला आपण मॅक्स म्युलर भवन म्हणून ओळखतों त्या संस्थेच्या अंदाजाप्रमाणें ही पहिली पायरी चढावयास पंचेचाळीस मिनिटांच्या ८० ते २०० तासिका लागतात. म्हणजे कमींत कमी साठ तास. परिचारिकेस जर्मनींत आपल्या शिक्षणाची मान्यता मिळवावयाची तर सामान्यतः बी-२ ही चौथी पायरी लागते, आणि तेथवर ६०० ते ८०० तासिका मोजाव्या लागतात. आमचे तीस तास म्हणजे पहिल्या पायरीचा अर्धा भाग आणि चौथीचा फार तर पंधरावा. महाविद्यालयानें तीस तास शिकवूं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं; तीस तास ही चांगली गोष्ट आहे, चव घ्यावयास पुरेशी आहे. आमचा आक्षेप मथळ्यावर आहे. आणि त्याहून मोठा आक्षेप आहे तो त्या तीस तासांच्या वापरावर.

वर्गांत आम्ही धरून एकतीस जण होतों. तासगांवचे, विट्याचे, कवठेमहांकाळचे, मिरजेचे. एकजण कराडहून रेल्वेनें येई. शिकविणाऱ्या बाई मराठी, शिकणारे झाडून सारे मराठी. आणि तरीही मराठीचा शब्द तोंडून गेला तर जणू दंड भरावा लागेल अशी सर्वांची समजूत! जर्मन शब्दाचा अर्थ इंग्रजींत, व्याकरणाचा नियम इंग्रजींत, शंका इंग्रजींत. आणि शंका विचारण्यापुरतें इंग्रजी ज्याला येत नाहीं त्यानें वहींत मान घालून बसावें. बाईंस आम्ही दोष देत नाहीं. त्या मनापासून शिकवीत. त्यांसही असेंच शिकविलें गेलें असावें, आणि हातीं असलेलीं पुस्तकें व कोश हींच तशीं. परंतु मिरजेहून शेजारच्या सांगलीस येण्यासाठीं कोणी आधीं लंडनास जाऊं लागला तर त्याला आपण शहाणा म्हणूं काय?

एकविसाच्या आंकड्याचीच गोष्ट घ्या. जर्मन माणूस एकविसाला 'आइन-उंट-त्स्वांत्सिग' म्हणतो, म्हणजे 'एक-आणि-वीस'. इंग्रजींत वीस आधीं येतात आणि एक मागून. त्यामुळें या भाषेंत आंकडे उलटे बोलतात, अशी धोक्याची सूचना देऊन बाईंनीं पाऊण तास त्या उलटेपणावर खर्च केला. आमच्या शेजारीं तासगांवचा एक मुलगा बसे. तो हळूच म्हणाला, "काका, ह्यात उलटं काय हाय? आपण बी एकवीसच म्हणतो की." त्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. एकवीस, बावीस, पंचवीस असें एकं आधीं आणि दहं मागून आपण पिढ्यान् पिढ्या बोलत आलों आहों. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'वीस एक' असें वाचन आलें तेव्हां महाराष्ट्रभर केवढा गदारोळ उडाला हें वाचकांस स्मरत असेल. ज्या रीतीसाठीं आपण एवढे भांडलों ती जर्मनांत भेटतांच उलटी कशी ठरली? (एकोणतीस हा मात्र आपलाच हेका, तेथें जर्मन आपल्यापेक्षां सरळ आहे, हें कबूल केलें पाहिजे.)

लिंगांचें तेंच. इंग्रजीच्या वाटेनें येणाऱ्यास वस्तूला लिंग असतें हेंच आधीं पटवावें लागतें. मग तीं तीन आहेत हें ऐकून तो कपाळाला हात लावतो. मराठी पोरास तो, ती, तें हीं बोलतां येऊं लागल्यापासून ठाऊक आहेत. 'मुलगी' या अर्थाचा जर्मन शब्द नपुंसकलिंगी आहे यावर इंग्रजी लेखकांनीं पुष्कळ थट्टा केली आहे. परंतु आपल्या गांवांत 'तें पोरगं' म्हणतात आणि मालवणींत 'चेडूं' नपुंसकलिंगीच चालतें. आपल्याला त्यांत हसण्यासारखें काय आहे? शब्दाशब्दाचें लिंग जुळत नाहीं हें खरें. सूर्य तिकडे स्त्रीलिंगी आहे, आणि तें घोकावेंच लागतें. परंतु घोकणें निराळें आणि कल्पनाच न समजणें निराळें.

वाक्याकडे वळलें म्हणजे तर नवल वाटतें. थंडी वाजत असेल तर जर्मन म्हणतो, 'मीर इस्ट काल्ट'. शब्दशः 'मला थंड आहे'. इंग्रज म्हणतो 'मी थंड आहें'. वर्गांतील बहुतेकांनीं इंग्रजीवरून 'इख बिन काल्ट' असें लिहिलें, आणि तें वाक्य जर्मन कानास 'मी थंड काळजाचा आहें' असें कांहींसें लागतें. मला भूक लागते, मला आवडतें, मला वाटतें असें दिवसाकाठीं शंभर वेळां म्हणणाऱ्या मुलांस या चतुर्थीसाठीं इंग्रजी नांव पाठ करावें लागलें, आणि ही आपली 'मला'च आहे हें कोणीं सांगितलें नाहीं. तसेंच गौण वाक्याचें. 'मी येत नाहीं, कारण मी आजारी आहें' यांतील दुसरा भाग जर्मनांत 'वाइल इख क्रांक बिन' असा होतो: कारण, मी, आजारी, आहें. चारही शब्द जागच्या जागीं! क्रियापद शेवटीं जातें म्हणून पुस्तकांत लाल शाईची चौकट होती. आपलें क्रियापद दुसरीकडे कधीं गेलें होतें?

उच्चारांत जर्मन 'त्स' हा आपल्या 'चूल' आणि 'चाक' यांतील दंत्य 'च'च्या अगदीं शेजारचा. तरी तो आम्हांस जीभ कोठें लावावी याच्या इंग्रजी सूचनांवरून शिकविण्यांत आला. परक्यास 'झी' आणि जवळच्यास 'डू' म्हणावें हें समजावून सांगण्यांत अर्धा तास गेला. ज्या पोरांच्या घरीं आज्यास 'तुम्ही' आणि आजीस 'तूं' म्हणतात, त्यांस एका वाक्यांत हें उमगलें असतें.

यावर कोणी म्हणेल कीं परकी भाषा त्याच भाषेंतून शिकवावी, मध्यें कोणतीच दुसरी भाषा आणूं नये, हाच आधुनिक मार्ग आहे. फार उत्तम! तसें कोणी खरोखर शिकवील तर आम्ही एक अक्षर बोलणार नाहीं. परंतु मध्यें भाषा आणूं नये म्हणतांना जी मध्यें बसली आहे ती इंग्रजी. तिच्याकडे पाहून न पाहिल्यासारखें करावयाचें आणि मराठी दारांत दिसली कीं शास्त्र आठवावयाचें, हा न्याय आम्हांस मान्य नाहीं. दुसरे म्हणतील, मराठी शाळा ओस पडत असतां तुम्हांला जर्मन कसली सुचते? त्यांस आम्ही एवढेंच विचारतों कीं ज्या पोरास आपल्या भाषेची चतुर्थी जर्मन शिकतांना प्रथम दिसली, तें मराठीपासून दूर गेलें कीं जवळ आलें?

या भाषेशीं आपला संबंध आजचा नव्हे. फ्रान्झ कीलहॉर्न १८६६ पासून १८८१ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत संस्कृत शिकवीत होते; पुढें ते ग्योटिंगेनला गेले, आणि त्याच ग्योटिंगेन विद्यापीठानें १८८५ सालीं रामकृष्ण गोपाळ भांडारकरांस सन्माननीय पदवी दिली. लोकमान्यांनीं मंडालेच्या तुरुंगांत गुरूवांचून, केवळ पुस्तकांवरून, जर्मन व फ्रेंच या भाषांचा अभ्यास केला. विष्णु सीताराम सुखटणकर बर्लिनला ल्यूडर्स यांच्यापाशीं शिकून आले आणि १९२५ पासून महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक झाले. हीं नांवें समारंभांत घेतलीं जातात म्हणून आम्ही येथें लांबवीत नाहीं. आमच्या मुलुखाला जवळचें नांव निराळें आहे.

गुंथर सोन्थायमर हे हायडेलबर्गचे विद्वान. त्यांनीं मराठी आत्मसात केली, धनगरांच्या वाड्यांवर जाऊन त्यांच्या ओव्या ऐकल्या, आणि १९७६ सालीं बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या देवांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. तो ग्रंथ जर्मनांत आहे. इंग्रजी अवतार यावयास १९८९ उजाडलें. कवठेमहांकाळ तालुक्यांत आरेवाडीस बिरोबाचें ठाणें आहे, आणि साताऱ्याच्या पालीस खंडोबाची जत्रा भरते. आमच्या वर्गांतील कवठेमहांकाळचा मुलगा धनगराचा. बिरोबा हा त्याचा कुलदेव. त्याच्या देवावर जर्मनांत एवढा मोठा ग्रंथ आहे हें त्याला तीस तासांत कोणीं सांगितलें नाहीं, आम्हीं चहाच्या टपरीवर सांगितलें तेव्हां तो क्षणभर गप्प राहिला आणि मग विचारलें, "त्यो वाचायला कितवी पायरी लागंल?" जर्मनींत जाण्याखेरीज जर्मनचें दुसरें प्रयोजन असूं शकतें ही गोष्ट त्या दिवशीं त्या टपरीवर प्रथम निघाली.

जाण्याला आमचा विरोध आहे असा मात्र कोणी समज करून घेऊं नये. २०२४ सालीं महाराष्ट्र शासनानें बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशीं कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला, प्रारंभीं दहा हजारांचा आंकडा बोलला गेला. त्याच वर्षीं जर्मन सरकारनें कुशल भारतीयांसाठीं वार्षिक व्हिशांची संख्या २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याचें जाहीर केलें. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गांवांत या बातम्या घरोघर गेल्या. आमच्या वर्गांत मिरजेंत परिचर्या शिकलेली जत तालुक्यांतील एक मुलगी होती. शेवटच्या दिवशीं प्रमाणपत्रें वाटलीं गेलीं. दुसऱ्याच आठवड्यांत ती तें प्रमाणपत्र घेऊन एका मध्यस्थाकडे गेली. त्यानें तें उघडूनही पाहिलें नाहीं; बी-२ चें आणा म्हणाला, आणि तोंपर्यंतच्या शिकवणीचे व 'कागदांचे' म्हणून एक रक्कम सांगितली. रक्कम ऐकून वडिलांनीं घरच्या दोन म्हशींचें गिऱ्हाईक पाहावयास सुरुवात केली. "काका, मग ह्या तीस तासांत आम्ही काय शिकलो?" असें तिनें आम्हांस विचारलें. तिला आम्हीं खरें उत्तर दिलें: अर्धी पायरी, आणि तीही इंग्रजीच्या जिन्यावरून.

आमचें मागणें अवघड नाहीं. पहिलें, प्रत्येक जाहिरातींत मथळ्याइतक्याच ठळक अक्षरांत लिहावें कीं हा अभ्यासक्रम पुरा केल्यानें ए-१ सुद्धां पुरी होत नाहीं. यास कांहीं खर्च येत नाहीं. फक्त नांवें कमी येतील, आणि तेंच कोणास नको आहे. दुसरें, दोन श्रेयांकांवर न थांबतां चार सत्रें सलग वर्ग चालवावे, म्हणजे १२० तास होतात आणि मुलगा पहिली पायरी निदान पायांनीं चढतो. तिसरें, मराठी आणि जर्मन यांचें व्याकरण शेजारींशेजारीं मांडणारें शंभर पानांचें पुस्तक वर्गांत मुलांच्या हातीं असावें. मोरो केशव दामले यांनीं १९११ सालीं मराठीचें एवढें सूक्ष्म व्याकरण लिहून ठेविलें आहे कीं मराठीची बाजू शोधावयास कोठें जावें लागणार नाहीं. जर्मनची बाजू बाईंस उत्तम येते. दोघांची गांठ घालून देणारा कोणी भेटत नाहीं एवढेंच.

तोंपर्यंत तासगांवच्या मुलानें आणि आम्हीं मिळून एक दोनशें पानी वही घातली आहे. डावीकडे मराठी, उजवीकडे जर्मन. पहिल्या पानावर एकवीस ते नव्याण्णव आंकडे आहेत. दुसऱ्यावर 'मला'चीं वाक्यें घेतलीं. चौदा जुळलीं, तीन जुळलीं नाहींत, तीं त्यानें बाईंस विचारण्यासाठीं खूण करून ठेविलीं आहेत. विशेषणांच्या प्रत्ययांपाशीं मात्र आम्ही दोघेही अडलों आहों, कारण तेथें मराठीचा कांहीं उपयोग होत नाहीं. वही सध्यां जतच्या मुलीकडे आहे.