सही बाईचीच लागते

मंडळी, कायद्याप्रमाणे केलेला गर्भपात गुन्हा नव्हे. गुन्हा आहे गर्भलिंग तपासणी; तो कायदा १९९४ चा, वेगळा. गर्भपाताचा कायदा १९७१ चा, २०२१ साली सुधारलेला. साधन फसून नको असताना दिवस गेले, तर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. पुढे २४ पर्यंत ठराविक बायांनाच, दोघा डॉक्टरांच्या मताने. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरा. बाई अठरा वर्षांपुढची असेल तर सही तिचीच. नवऱ्याची, सासूची नाही. सरपंच, पोलीस पाटलांनीही हे ध्यानात ठेवावे. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी भागते, पण डॉक्टरांच्या देखरेखीतच. दुकानातून आणून गुपचूप घ्यायच्या, रक्त थांबेना की रात्री जीप शोधायची, हे कशाला? मान्यताप्राप्त दवाखान्यात लवकर जा. बाईचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.