एकशे वीसांतून तीन

गणिताच्या अध्यापनातून निवृत्त होऊन मला बारा वर्षे झाली. परंतु मोजण्याची खोड काही सुटलेली नाही. गेल्या दिवाळीच्या सुटीत आमचा नातू पुण्याहून घरी आला आणि या खोडीला अगदी अनपेक्षित असे काम मिळाले.

नातू अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्रीची आवराआवर झाली की तो माडीवर लॅपटॉप उघडून बसे, आणि तास-दीड तासाने खाली येई तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला असे. तिसऱ्या रात्री त्याच्या वडिलांचा संयम सुटला. ‘एका खेळापायी एवढे तोंड पाडून बसायचे असेल, तर तो खेळ कशाला म्हणायचा?’ एवढेच ते म्हणाले. पण पुढे दोन दिवस बापलेकांत बोलणे नव्हते. घरातील वडीलधारा म्हणून मी माडीवर गेलो. चार शब्द सुनवावेत, असा विचार होता. जिना चढता चढता वाटले, ज्या गोष्टीची आपल्याला काहीच माहिती नाही, तिच्याविषयी सुनावणार तरी काय? म्हणून म्हणालो, ‘बाळ, हा खेळ आहे तरी कसा, ते मला एकदा समजावून सांग.’

त्याने क्षणभर माझ्याकडे संशयाने पाहिले. मग शेजारची खुर्ची ओढून दिली.

खेळाचे नाव ‘डोटा २’. ‘वॉरक्राफ्ट ३’ या जुन्या खेळाच्या नकाशात हौशी मंडळींनी बदल करून मूळ ‘डोटा’ घडवला. त्याचा हा वारस ‘व्हॉल्व्ह’ या अमेरिकन कंपनीने २०१३ साली जगापुढे आणला. पाच जणांचा एक संघ, समोर पाच जणांचा दुसरा. मैदानावर तीन वाटा, वाटांवर पहारा देणारे बुरूज, आणि दोन टोकांना प्रत्येकाची एकेक मुख्य वास्तू. प्रतिपक्षाची ती वास्तू पाडली की सामना जिंकला. एक सामना बहुधा अर्धा ते पाऊण तास चालतो आणि मधेच उठून गेल्यास उरलेल्या चौघांचे नुकसान होते. ‘पाच मिनिटांत खाली ये’ ही आपली हाक मुलांना का जमत नाही, याचा उलगडा मला तेव्हा झाला.

परंतु खरी मेख सामना सुरू होण्यापूर्वीच असते. खेळणाऱ्याने आपला नायक निवडायचा, आणि असे नायक आहेत १२० हून अधिक! याच जातीच्या ‘लीग ऑफ लेजेंड्स’ या दुसऱ्या खेळात तर ते १६० हून अधिक आहेत. डोटामध्ये सारे नायक सर्वांना विनामूल्य खुले असतात. त्यामुळे ‘परवडत नाही’ ही सबब नाही आणि निवडीचा सारा भार खेळणाऱ्यावरच येतो. एका सामन्यात एक नायक एकालाच मिळतो. माझ्यातला शिक्षक जागा झाला. कागद घेतला आणि मांडले : १२० नायकांतून ५ जणांचा संघ किती प्रकारे निवडता येईल? उत्तर आले १९ कोटी ५ लाख ७८ हजार २४. आणि हा केवळ एका बाजूचा हिशेब!

नातू कागदाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘आप्पा, माझीही अडचण हीच आहे.’

त्याच्या महाविद्यालयात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी संघ बांधला जात होता. चार मोठे विद्यार्थी ठरले होते. पाचव्या जागेसाठी त्याचे नाव होते. मात्र त्यांनी बजावले होते, ‘सोमवारपर्यंत तीन नायकांची नावे सांग. ज्यांच्याविषयी तुझी खात्री आहे, अशांचीच.’ आणि इकडे हा सलग सात सामने हरला होता, सात निरनिराळे नायक घेऊन! प्रत्येक पराभवानंतर त्याला वाटे की दोष नायकाचा आहे. मग दुसरा घेई. हरल्यावर अनोळखी सहकारी जे बोलत, ते त्याने मला सांगितले नाही. पण त्याच्या आवाजावरून ते कळले.

वर्गात एखादे उदाहरण सुटेनासे झाले की मी मुलांना विचारत असे, ‘दिले काय आहे?’ त्यालाही तेच विचारले. बोलता बोलता तीन प्रश्न निघाले. आपल्याला काय जमते? संघाला काय हवे? समोर कोण उभे आहे?

पहिल्या प्रश्नाला त्याचे उत्तर तयार होते : इन्व्होकर. हा नायक म्हणजे गणिताच्या शिक्षकाला मोहात पाडणारे प्रकरण आहे. याच्याजवळ तीन प्रकारचे गोलक असतात. एका वेळी तीन धरायचे, एकच प्रकार पुन्हा घेतला तरी चालतो, क्रमाला महत्त्व नाही. अशा जुळण्या बरोबर १० होतात, आणि प्रत्येक जुळणीला एक स्वतंत्र मंत्र. गर्दीच्या धामधुमीत योग्य मंत्र बोटांना आठवावा लागतो. याउलट रेथ किंग नावाचा नायक आहे : एक प्रहार, आणि मेल्यावर एकदा पुन्हा उठून उभे राहण्याचे वरदान. नवख्याला तोच बरा. ‘इन्व्होकर तुला जमतो का?’ मी विचारले. तो हसला. ‘आवडतो, आप्पा. जमत नाही.’ आवडणे आणि जमणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढे त्याने स्वतःच कबूल केले आणि ते नाव कागदावरून खोडले.

दुसरा प्रश्न अवघड होता. या खेळात पाच जणांना एक ते पाच असे क्रमांक असतात आणि ते क्रमांक संपत्तीवरील हक्काचे असतात. पहिल्याला मैदानातील सोन्यावर पहिला अधिकार. तो सामन्याच्या उत्तरार्धात बलवान होतो. दुसरा मधली वाट एकट्याने सांभाळतो. तिसरा पुढे होऊन मार सोसतो. चौथा आणि पाचवा सहायक. पाचव्याच्या वाट्याला सर्वांत कमी सोने. टेहळणीची साधने रोवायची, सहकाऱ्यांना जपायचे आणि प्रसंगी स्वतः मरायचे. नातवाला हवी होती मधली वाट, आणि तिथला त्याचा आवडता शॅडो फिएंड. संघाला हवा होता पाचवा.

‘म्हणजे उरलेसुरले काम माझ्याकडे,’ तो म्हणाला. सात पराभवांपेक्षा हेच त्याच्या मनाला अधिक लागले होते.

मी काय बोलणार? मात्र एक शंका मनात आली आणि मी विचारले, ‘जगज्जेत्या संघांत हा पाचवा कोण असतो रे?’ त्याने आठवून सांगायला सुरुवात केली आणि बोलता बोलता स्वतःच थबकला. डोटाची जागतिक स्पर्धा ‘द इंटरनॅशनल’ नावाने भरते. २०१५ साली सिएटलला ‘ईव्हिल जीनियसेस’ हा संघ विजयी झाला. त्याचा कर्णधार पीटर डेगर पाचव्या जागेवर खेळत असे. २०१८ साली व्हँकूव्हरला आणि २०१९ साली शांघायला ‘ओजी’ संघ लागोपाठ दोनदा जिंकला; दोनदा जिंकणारा तो पहिलाच संघ. त्याचा कर्णधार योहान सुंडस्टाइन, तोही पाचवाच! ज्याच्या हाती सोने सर्वांत कमी, त्याच्याच हाती धुरा.

२०१५ च्या अंतिम लढतीतील एक क्षण त्याने मला दाखवला. डेगरच्या नायकाने सोडलेला हिमगोल प्रतिपक्षाच्या एकत्र जमलेल्या नायकांवर पडला आणि पाठोपाठ सहकाऱ्याच्या अर्थशेकर नावाच्या नायकाने भूमी हादरवली. लोकांच्या स्मरणात अर्थशेकरच राहिला; पण आधीचा हिमगोल नसता, तर तो प्रहार तितका जीवघेणा ठरला नसता. नायक एकेकटा निवडायचा नसतो, शेजारच्याशी त्याचे जुळते का ते पाहून निवडायचा असतो, हे मला त्या काही सेकंदांत समजले.

तिसरा प्रश्न समोरच्याचा. स्पर्धेच्या सामन्यात दोन्ही कर्णधार आळीपाळीने काही नायक बाद करतात आणि काही घेतात. त्यामुळे ज्याला एकच नायक येतो, त्याचा तो एक बाद झाला की तो निःशस्त्र. आणि ज्याला चाळीस अर्धवट येतात, तोही जवळपास निःशस्त्रच. म्हणूनच तीन नावे मागितली होती. प्रतिपक्षाने फँटम लान्सर घेतला, जो स्वतःच्या प्रतिकृतींची फौज उभी करतो, तर त्यावर अर्थशेकर हा चांगला उतारा; कारण भोवती गर्दी जितकी जास्त, तितका त्याचा हादरा मोठा. सहायक नायक बहुधा आधी निवडतात, कारण त्यांच्यावरून संघाचा डाव फारसा उघड होत नाही. मधल्या वाटेचा नायक शक्यतो शेवटी. अर्थात उतारा ठाऊक असला, तरी तो चालवण्याचा सराव नसेल तर उपयोग शून्य. ‘ओजी’ने २०१९ मध्ये आयओ नावाचा प्रकाशाचा गोळा, जो एरवी सहायक म्हणूनच घेतला जाई, थेट पहिल्या जागेवर खेळवला. सारे चकित झाले. पण त्यांच्या त्या खेळाडूचा त्यावर हात बसलेला होता, हे चकित होणारे विसरतात.

एवढ्यात नातवाची आजी दुधाचे पेले घेऊन वर आली. पडद्याकडे पाहून म्हणाली, ‘यात सारखी मारामारीच का रे?’ प्रश्न रास्त होता. हा लढाईचाच खेळ आहे. मेलेला नायक काही वेळाने पुन्हा उठतो, म्हणून ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. नातवाचा आवडता शॅडो फिएंड तर मारलेल्यांचे आत्मे गोळा करून बळ वाढवतो. आजीने कपाळाला आठी घातली. ‘कुणाला वाचवणारा नाही का यात?’

‘आहे की,’ नातू म्हणाला, आणि त्याने डॅझल दाखवला. त्याचे एक वरदान असे, की मरणाच्या दारात असलेल्या सहकाऱ्यावर ते टाकले तर काही सेकंद त्याला मरण येतच नाही. मारा कितीही होवो, तो तग धरून राहतो. मात्र वेळ अचूक साधावी लागते. आधी टाकले तर वाया, उशिरा टाकले तर व्यर्थ. आजीची आठी पूर्ण गेली नाही. पण ती म्हणाली, ‘हे काम सोपे दिसत नाही.’ नातू काही बोलला नाही. त्या रात्री तो डॅझल घेऊन दोन सामने खेळला. एक हरला, एक जिंकला. खाली आला तेव्हा चेहरा उतरलेला नव्हता.

सोमवारी त्याने तीन नावे कळवली : वाचवणारा डॅझल, संथ चालीची, पण सहकाऱ्यांची मंत्रशक्ती भरून काढणारी क्रिस्टल मेडन, आणि शत्रूला जागीच खिळवणारा लायन. तिघांची कामे तीन, जागा एकच. महिनाभर या तिघांपलीकडे जायचे नाही आणि हरल्यावर त्याच रात्री नायक बदलायचा नाही, असे त्याने ठरवले. रात्री दोनच सामने, हे वडिलांशी ठरले. शॅडो फिएंड सोडताना त्याला वाईट वाटले नाही, असे मी म्हणणार नाही. वाटले.

ज्यांना हा सारा पोरखेळ वाटतो, त्यांच्या माहितीसाठी सांगतो : २०२३ साली हांगझौ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत डोटा २ हा पदकाचा खेळ होता, आणि त्याआधी २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत भारताच्या डोटा संघाने कांस्यपदक मिळवले. तरीही मी हे पदकासाठी लिहीत नाही. घरोघरी मुले पडद्यासमोर बसतात आणि आपण ‘किती वेळ’ एवढेच विचारतो. त्याबरोबर ‘कोण घेतलास, आणि का?’ हेही विचारून पाहावे. त्या ‘का’च्या उत्तरात मुलाचा स्वभाव, त्याची भीती, त्याची हौस, सारे काही येते.

नातवाचा संघ दुसऱ्या फेरीत हरला. निर्णायक सामन्यात प्रतिपक्षाने डॅझल बाद केला होता. हा लायन घेऊन खेळला, बरा खेळला, आणि तरी हरला. पुढच्या वर्षीही पाचवी जागा त्याचीच, असे मोठ्या मुलांनी सांगितले आहे.

परवा रविवारी त्याचा फोन आला. फोन त्याच्या वडिलांनी घेतला. अभ्यास, डबा, हवापाणी झाले. मग जरा घुटमळून त्यांनी विचारले, ‘काय रे, काल डॅझल मिळाला का?’